नवा रकाना



माझें गांव असोदा. जळगांवच्या शेजारचें, भरिताच्या वांग्यांसाठीं नांवाजलेलें. तेथल्या एखाद्या शेतकऱ्याची वही उघडली तर तींत तीन रकाने दिसतील: शेत किती एकर, माल किती क्विंटल, भाव काय मिळाला. परंतु त्याला विचारा, "यंदा कसें काय?" तर तो या तिहींपैकीं एकहि आंकडा सांगणार नाहीं. "एकरीं इतकें उतरलें," असें तो म्हणेल. हा आंकडा वहींत कोठेंच नसतो. मालाला क्षेत्रानें भागून तो त्यानें मनांतल्या मनांत निर्माण केलेला असतो. आजचें माझें भाषण या चौथ्या, न लिहिलेल्या रकान्याविषयीं आहे.

गणितांत बदलत्या राशीला आपण चल म्हणतों. हातांत असलेल्या चलांपासून नवें चल तयार करणें, हें संख्याशास्त्राचें रोजचें काम होय. २०११ सालच्या जनगणनेंत जळगांव जिल्ह्यांत २१,९७,३६५ पुरुष आणि २०,३२,५५२ स्त्रिया मोजल्या गेल्या. या दोन लांबलचक संख्या पाहून कोणाच्या काळजांत कांहीं हलत नाहीं. दुसरीला पहिलीनें भागून हजारानें गुणलें कीं ९२५ हा आंकडा निघतो. हजार पुरुषांमागें पाऊणशें स्त्रिया उण्या, ही गोष्ट मात्र मनाला टोंचते. माहिती तीच, नव्या रकान्यानें तिला वाचा फुटली.

पूर्वीं हें काम कारकून मंडळी पाटी-पेन्सिलीनें करीत. आतां त्यासाठीं संगणकाच्या प्रणाली आहेत. एस्‌पीएस्‌एस्‌ ही १९६८ सालची, स्टाटा १९८५ सालची. 'आर' ही तर न्यूझीलंडमधील ऑकलंड येथें रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन या दोघा अध्यापकांनीं रचली असून ती कोणालाहि विनामूल्य मिळते. कृति तिहींत सारखीच. नव्या रकान्याचें नांव लिहावें, पुढें खूण करावी, आणि तो कसा काढावयाचा तें सूत्र मांडावें. एका ओळीची आज्ञा दिली कीं लाखभर ओळींचा हिशेब डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच पुरा होतो.

परंतु जी आज्ञा क्षणांत लाख उत्तरें बरोबर काढते, ती क्षणांत लाख उत्तरें चुकवूंहि शकते. माझाच अनुभव सांगतों. निवृत्तीनंतर आम्हीं गांवांतील स्त्रियांसाठीं साक्षरतेचा वर्ग काढला. साठीपलीकडच्या बायांना दुपारीं व इतरांना रात्रीं बसवावें असें ठरलें. यादी मीं संगणकावर घातली आणि आज्ञा दिली: वय साठांहून अधिक असेल तर एक लिही, नाहींतर शून्य. पुष्कळ बायांना आपलें वय ठाऊक नव्हतें. तेथें मीं जागा रिकामी ठेवली होती. यंत्रानें त्या सर्वांपुढें एक लिहिला. मीं तशीच पत्रकें वांटलीं. शेतमजुरी करणारी एक तरुण सून त्यामुळें दुपारच्या वर्गांत पडली, आणि दुपारीं ती कापूस वेंचीत असे. महिनाभर ती आली नाहीं. शेवटीं वाटेंत भेटून म्हणाली, "गुरुजी, तुमच्या यंत्रानं मला म्हातारी केली!"

दोष यंत्राचा नव्हता, माझाच होता. नियम पुस्तकांत छापलेला होता. मीं तो वाचला नव्हता. स्टाटामध्यें रिकामी जागा ही कोणत्याहि संख्येहून मोठी मानतात. सॅस नांवाच्या प्रणालींत ती सर्वांत लहान. तेथें "अठराहून कमी" असें विचारलें तर वय न कळलेली आजीहि पोर ठरेल. 'आर' मात्र अशा वेळीं उत्तरच देत नाहीं. "ठाऊक नाहीं" अशी खूण करून पुढें जाते. वर्गांत असें प्रांजळ उत्तर देणारा विद्यार्थी मला नेहमींच आवडत आला आहे.

म्हणून तरुण मित्रांना माझें सांगणें इतकेंच कीं मूळ रकाना कधींहि पुसूं नये. नवा निराळ्या नांवानें करावा. आधीं रिकाम्या जागा मोजाव्या. मग पांचदहा ओळी हातानें सोडवून पाहाव्या. आणि रकान्याची व्याख्या शेजारीं लिहून ठेवावी, कारण व्याख्या बदलली कीं आंकडा बदलतो. १९९१ च्या जनगणनेपासून साक्षरतेचें प्रमाण काढतांना सात वर्षांखालील मुलें वगळतात. त्यापूर्वीं ही मर्यादा पांच वर्षांची होती. हें न जाणतां दोन दशकांची तुलना करणारा फसलाच म्हणून समजा.

शेवटीं आमच्याच गांवची एक गोष्ट. बहिणाबाई चौधरी १८८० सालीं असोद्यास जन्मल्या. त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. मुखानें म्हटलेलीं त्यांचीं गाणीं घरच्या माणसांनीं टिपून ठेवलीं. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, त्यांचें पुस्तक झालें, आणि २०१८ पासून जळगांवच्या विद्यापीठाला त्यांचें नांव आहे. साक्षरतेच्या रकान्यांत त्यांच्यापुढें शून्यच पडेल. तें शून्य खोटें नव्हे. परंतु त्यानें अक्षरओळख तेवढी मोजली, शहाणपण मोजलें नाहीं. नवा रकाना काढणाऱ्यानें आपण काय मोजलें आणि काय मोजलें नाहीं, हें दोन्ही ध्यानांत ठेवावें, एवढीच विनंती करून आपली रजा घेतों.