वणीच्या कोळशातलं पान
(रेडिओवरील भाषण)



चौथी-पाचवीच्या वर्गात जाऊन ‘डायनासोर कोणी पाहिलाय?’ असं विचारलं, तर सगळे हात वर जातात. कोणी मोबाइलवर पाहिलेला असतो, कोणी सिनेमात, कोणाच्या दप्तरावरच तो छापलेला असतो. टी-रेक्स हे नाव तर पोरांना न अडखळता घेता येतं. पण ‘आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फार पूर्वी काय होतं?’ असं विचारलं, की वर्ग गप्प होतो. टी-रेक्स अमेरिकेतला, तो इथं कधी फिरकला नाही. इथं जे होतं त्याच्या खुणा वणीच्या कोळशात आहेत, काळ्या दगडाच्या थरांमध्ये आहेत, वर्धा नदीच्या पलीकडच्या शेतांत आहेत. त्या मुलांना कोणी दाखवलेल्या नसतात. प्राथमिक शाळेत जीवाश्म शिकवायचे तर सुरुवात पायाखालच्या दगडापासून करावी, असं माझं ठाम मत आहे, आणि आज तेच मांडायला मी आलो आहे.

पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात पृथ्वीवरचे सजीव आणि उत्क्रांती असे धडे आले आहेत. धडे चांगले आहेत. पण पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून जीवाश्म समजत नाही. तो हातात घ्यावा लागतो, निदान त्याची घडण हाताने करून पाहावी लागते. पोळ्याला मातीचे बैल करतात ती चिकणमाती घ्या. तिची जाड वडी थापा, तिच्यावर पिंपळाचं पान शिरांची बाजू खाली ठेवून दाबा आणि अलगद उचला. मधली शीर, तिला फुटलेल्या बारीक शिरा, टोकाची लांब शेपटी, सगळं मातीत उतरलेलं असतं. वडी वाळली की ठशात प्लास्टर ओता आणि सुकल्यावर माती काढून टाका. आता पान नाही, ठसाही नाही, पण पानाचा आकार घट्ट होऊन हातात आला आहे. मग मुलांना विचारा: हेच पान अंगणात पडलं असतं तर? वाळलं असतं, पायाखाली चुरलं असतं, कुजून गेलं असतं. मेलेल्या बहुतेक जिवांचं असंच होतं. जो लवकर गाळाखाली गाडला गेला, ज्याला हवा लागली नाही, ज्याच्यावर थरावर थर साचत गेले, त्याचाच जीवाश्म होण्याची शक्यता असते. जीवाश्म दुर्मीळ का, हे या एका तासात मुलांना कळतं. व्याख्या पाठ करून ते कळत नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही मी आधी शिकवीन: जीवाश्म कुठे शोधू नये. आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या दगडाचा आहे. हा बेसाल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो पुन्हा पुन्हा वाहिला. तापलेल्या लाव्हाच्या पोटात पान किंवा हाड कसं टिकणार? तेव्हा काळा दगड फोडून काही मिळायचं नाही. झरी-जामणी तालुक्यात शिबल्याच्या परिसरात दगडाचे कोनदार खांब उघडे पडले आहेत. ते पाहून कोणालाही वाटावं की हे झाडांचे दगड झालेले बुंधेच आहेत. ते बुंधे नव्हेत. लाव्हा निवताना आकसला आणि तडकून असे खांब झाले. शेतात सापडणाऱ्या गारगोटीचंही तसंच. काही दगड फोडले की आत नेच्याच्या पानासारखी नाजूक काळी नक्षी दिसते, आणि मुलं आनंदाने ओरडतात. ती मँगनीजची नक्षी असते. खनिजाचं पाणी दगडाच्या फटीत झिरपून तशी उमटते. पोराला नाराज न करता हे सांगता आलं पाहिजे, कारण ‘हे जीवाश्म नाही’ असं कारण देऊन सांगता येणं हासुद्धा विज्ञानाचाच धडा आहे.

मात्र लाव्हाचे दोन पूर लगोलग आले नाहीत. मध्ये मोठा काळ जाई. तेवढ्यात तळी साचत, झाडं वाढत, गोगलगायी आणि मासे नांदत. मग पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकी. भाकरींच्या चवडीत मध्येच एखादं पान अडकावं, तसे हे गाळाचे पातळ थर काळ्या दगडांच्या मध्ये अडकून राहिले आहेत. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या स्टीफन हिस्लॉपच्या नावाने ते कॉलेज आहे, त्या मिशनऱ्याने १८५०च्या दशकात नागपूरजवळच्या टाकळीला याच थरांतून शंख, फळं, बिया गोळा केल्या आणि त्यांची माहिती जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोचवली. त्या शंखांचा वेटोळा आकार इतका स्पष्ट असतो, की नाल्यातले शंख वेचणारं कोणतंही पोर ते बघताक्षणी ओळखेल.

आता वणीकडे वळू. उकणी, घोन्सा, कोलारपिंपरी ही खाणींची नावं तिथल्या मुलांच्या रोजच्या बोलण्यातली. बाप खाणीवर, काका ट्रकवर. पण कोळसा म्हणजे मेलेलं जंगल आहे, हे किती घरांत सांगितलं जातं? सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी इथं दलदलीचं रान होतं. त्याची पानं, खोडं पाण्यात साचली, गाडली गेली, दबली आणि त्यांचा कोळसा झाला. वर्धा खोऱ्यातल्या या कोळशाबरोबर करड्या मातकट दगडाचे पापुद्रे असतात. त्याला शेल म्हणतात. असा पापुद्रा नीट उकलला तर कधी कधी आत पान दिसतं: जिभेसारखं लांबट, मधोमध ठसठशीत शीर, दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा. ते ग्लॉसोप्टेरिस. हे झाड आज पृथ्वीवर कुठेच नाही.

या पानाची एक हकिगत मुलांना जरूर सांगा. १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावले. उपासमार, बर्फाची वादळं, गाडी स्वतः ओढायची. तरीही त्यांनी सुमारे १६ किलो दगड टाकून दिले नव्हते. पुढे त्यांचे मृतदेह सापडले तेव्हा ते दगडही मिळाले, आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिसची पानं होती. आपल्याकडे मिळणारं पान अंटार्क्टिकात कसं? कारण भारत, अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका तेव्हा एकाच खंडात जोडलेले होते. त्या खंडाला जगभर गोंडवन म्हणतात. केळापूर-मारेगावच्या शाळेतल्या गोंड मुलाला हे सांगताना त्याच्या चेहऱ्याकडे जरूर पाहा. आणखी एक सांगा: या कोळशाच्या आधी हा मुलूख बर्फाखाली होता. चंद्रपूरजवळ इरई गावापाशी पैनगंगेच्या पात्रात हिमनदीने घासलेला खडक भूवैज्ञानिकांना एकोणिसाव्या शतकातच दिसला होता. मे महिन्यात अंगाची लाही होत असताना विदर्भावर बर्फ होतं म्हटलं, की पोरं विश्वासच ठेवत नाहीत. ठेवूच नये. ‘कशावरून?’ असं त्यांनी विचारावं, म्हणजे मग खडकावरच्या त्या ओरखड्यांची गोष्ट सांगायला जागा होते.

आणि डायनासोर? तेही आहेतच, फक्त नदीपलीकडे. वणीहून पाटाळ्याचा पूल ओलांडून पुढे गेलं की वरोरा तालुका. तिथल्या पिसदुरा गावच्या शिवारात डायनासोरची हाडं तर सापडलीच, शिवाय त्यांचं दगड झालेलं शेणही सापडलं. शेण म्हटल्यावर वर्ग हसतो. हसू द्या. त्या शेणाचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की त्यात गवताचे कण आहेत. तोवर बहुतेकांची समजूत होती, की गवत डायनासोर संपल्यानंतर पसरलं. पिसदुऱ्याच्या शेणाने ती बदलली. हे कण टिकले कसे, हे शेतकऱ्याच्या मुलाला एका वाक्यात समजतं. ज्वारीच्या पात्यावरून उलटा हात फिरवला की चरकन कापतं ना? गवताच्या अंगात वाळूतलंच द्रव्य, सिलिका, असतं. पान कुजतं, पोटात पचतं, पण सिलिकाचे ते बारीक कण मागे उरतात, आणि त्यांच्या आकारावरून गवताची जात ओळखता येते. जवळच्या डोंगरगावच्या टेकडीवर एका शाकाहारी डायनासोरचा सांगाडा मिळाला. १९९७ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि आज त्याला इसिसॉरस म्हणतात. आपल्या मुलांना पाठ व्हायचंच असेल तर आधी हे नाव व्हावं.

राहिला काळ. कोटी हा आकडा मुलांना गणितात येतो, पण मनात उतरत नाही. त्यासाठी शाळेच्या फाटकापासून रस्त्याने चालायला लागा. १ मीटर म्हणजे १ कोटी वर्षं. फाटक म्हणजे आज. साडेसहा मीटरवर काळ्या दगडाचा लाव्हा. पंचवीस ते तीस मीटरच्या दरम्यान वणीचं जंगल. मुकुटबनकडचा चुनखडीचा दगड त्याहून कितीतरी लांब; त्या काळी हाड असलेला प्राणीच पृथ्वीवर नव्हता. पृथ्वीचा जन्म ४५४ मीटरवर, बहुधा गावाबाहेर. आणि आपण माणसं? फाटकापासून फक्त ३ सेंटिमीटर. पट्टी टेकवून एका मुलाला ते मोजायला लावा.

एक सावधगिरी. मुलांना खाणीत किंवा खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर कधीही नेऊ नका. ते ढिगारे खचतात. पावसाळ्यात नाल्याच्या दरडीखालीही नको. आणि सापडलेली वस्तू उचलून घरी न्यायची नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवा. जागेवरून हलवलेल्या जीवाश्माचा अर्धा पुरावा तिथेच संपतो, कारण तो कोणत्या थरात होता, त्याच्या शेजारी काय होतं, हे पुन्हा कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या अधिकाऱ्यांना: वणी भागातल्या प्रत्येक शाळेला शेलच्या दगडांची एक पेटी द्या, तुमच्या दृष्टीने तो टाकाऊ माल आहे. शिक्षकांना: सहल नागपूरला जाणारच असेल, तर रमण विज्ञान केंद्राबरोबर अजब बंगल्यातही, म्हणजे तिथल्या संग्रहालयातही, दोन तास काढा. आणि विहीर, शेततळं खोदणाऱ्या माझ्या शेतकरी बांधवांना: हाडासारखा, शंखासारखा किंवा पानाची नक्षी असलेला गोटा निघाला तर तो फोडू नका. कोणत्या गटात, किती फुटांवर निघाला ते लिहून ठेवा, फोटो काढा, आणि गावच्या शाळेतल्या गुरुजींना किंवा बाईंना आधी कळवा. तिथून पुढे भूगर्भशास्त्र शिकवणारं जवळचं महाविद्यालय किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं नागपूरचं कार्यालय गाठता येतं.