राणीच्या उर्दू वह्या

इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्या वैधव्यकाळावर वीस वर्षांच्या अंतराने दोन चित्रपट निघाले, आणि दोहोंतही राणीची भूमिका ज्युडी डेंच या एकाच अभिनेत्रीने केली. पहिला १९९७ सालचा ‘मिसेस ब्राउन’; त्यात राणीचा स्कॉटिश सेवक जॉन ब्राउन आहे. दुसरा २०१७ सालचा, स्टीफन फ्रिअर्स यांनी दिग्दर्शित केलेला ‘व्हिक्टोरिया अँड अब्दुल’. त्यात आग्र्याचा अब्दुल करीम आहे. या दुसऱ्या चित्रपटाचा विचार येथे करावयाचा आहे.

राणीचे पती आल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी वारले, तेव्हा ती अवघी बेचाळीस वर्षांची होती. पुढे मृत्यूपर्यंत, म्हणजे एकोणचाळीस वर्षे, तिने काळा वेश उतरविला नाही. ब्राउनच्या रोखठोक बोलण्याने तिला काही काळ आधार दिला. परंतु १८८३ साली तोही गेला. एवढ्या मोठ्या राज्याची स्वामिनी, नऊ मुलांची आई, आणि तरीही जिच्याशी साधेपणाने बोलेल असे माणूस राजवाड्यात एकही उरले नाही, अशी तिची स्थिती झाली.

अशा वेळी १८८७ सालच्या जूनमध्ये, तिच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवासाठी, हिंदुस्थानातून दोन सेवक विंडसर येथे येऊन दाखल झाले. त्यांपैकी महंमद बक्ष वयाने मोठा. अब्दुल करीम चोवीस वर्षांचा. अब्दुलचा जन्म झाशीजवळच्या ललितपूरचा. त्याचे वडील इस्पितळात साहाय्यक होते. स्वतः अब्दुलने माळव्यातील आगर येथे जावऱ्याच्या नवाबाचा नायब वकील म्हणून काही वर्षे काम केले, आणि नंतर तो आग्र्याच्या तुरुंगात कारकून झाला. तो मुळात लेखणीवर पोट भरणारा माणूस. इंग्लंडात त्याच्या हाती प्रथम आली ती मात्र जेवणाची तबके.

चित्रपटाच्या आरंभीच ही कथा ‘बहुतांशी’ खरी आहे अशी मिस्किल कबुली दिलेली आहे. दिग्दर्शकाने दरबारी भोजनाचा प्रसंग मोठ्या मार्मिकतेने रंगविला आहे. एकामागून एक पदार्थ येतात, राणी ते भराभर खाते, मध्येच डुलकी घेते, आणि सभोवतालची मंडळी अदबीने बसून राहतात. जिला सर्व काही मिळते तिला कशाचीच गोडी कशी उरत नाही, हे त्या दृश्यात शब्दावाचून कळते. ज्युडी डेंचच्या डोळ्यांत पुढे हळूहळू जे तेज परत येते, ते पाहणे हाच या चित्रपटाचा खरा आनंद होय. अली फजल या अभिनेत्याने अब्दुलचे आर्जव आणि उत्साह चांगला दाखविला आहे.

मात्र एक गोष्ट या चित्रपटाने सोपी करून टाकली, आणि तीच या संबंधाच्या गाभ्याची होती. पडद्यावरील अब्दुल पहिल्यापासून अस्खलित इंग्रजी बोलतो. खरा अब्दुल आला तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेमच येत होते. राणीने त्याच्या इंग्रजीच्या शिक्षणाची व्यवस्था केली, आणि त्याच वेळी ती स्वतः त्याच्यापाशी हिंदुस्थानी, म्हणजे उर्दू, शिकू लागली. दोघांपैकी एकालाही दुसऱ्याची भाषा धड येत नव्हती. दोघेही चुकत होते, आणि त्या चुकण्यातच स्वामिनी आणि सेवक यांच्यामधले अंतर कमी होत होते.

राणीचे वय तेव्हा अडुसष्ट होते. हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी तिने १८७६ साली घेतली. पण तो देश तिने कधीच डोळ्यांनी पाहिला नाही. ज्या वयात माणसे अक्षरे विसरू लागतात, त्या वयात ती नवी लिपी उजवीकडून डावीकडे गिरवू लागली. अब्दुलने वाक्ये लिहून द्यावीत आणि तिने ती उतरवावीत, असा क्रम तिच्या अखेरच्या दिवसांपर्यंत, तब्बल तेरा वर्षे चालला, आणि त्यातून तेरा वह्या भरल्या. १८८८ साली तिने त्याला मुन्शी केले. मुन्शी म्हणजे लिहिणारा आणि शिकविणारा. ज्याने परमुलखात दिवस काढले आहेत, त्यालाच हे कळेल की, समोरचा माणूस आपली भाषा शिकू लागला म्हणजे किती मोठा मान मिळाल्यासारखे वाटते!

हा मान दरबाराला सोसला नाही. हाताखालचा काळा नोकर आपल्या पंक्तीला बसणार, ही कल्पनाच त्या सरदारांना असह्य झाली. अब्दुलचे वडील राणीला भासविले गेले तेवढे मोठे डॉक्टर नाहीत, हे त्यांनी शोधून काढले. १८९७ साली तर राणीच्या फ्रान्सच्या प्रवासात मुन्शी बरोबर आल्यास आपण नोकरी सोडू, अशी धमकी त्यांनी दिली. राणी बधली नाही. अब्दुलही निरिच्छ साधू नव्हता. त्याला मानमरातबाची हौस होती; त्याने आग्र्यास जमीन मिळविली, पदके मिळविली. पण ज्या दरबारात प्रत्येकजण काही ना काही मागतच होता, तेथे एकट्यालाच लोभी ठरविणे हा न्याय नव्हे.

चित्रपटाचा दुसरा उणेपणा येथे जाणवतो. साम्राज्याविषयीचा सारा कडवटपणा लेखकाने महंमदाच्या तोंडी घातला, आणि अब्दुलच्या मनात काय चालले होते ते मात्र अंधारातच ठेवले. राणीचे एकाकीपण प्रेक्षकाला उमगते; घरापासून हजारो कोस दूर, अवतीभोवतीच्या तिरस्काराच्या नजरा झेलीत राहणाऱ्या त्या तरुणाचे एकाकीपण उमगत नाही. सेवकाविषयीचा चित्रपट अखेर राणीचाच होऊन बसला.

२२ जानेवारी १९०१ रोजी राणीने ऑसबोर्न येथे देह ठेवला. शवपेटी बंद होण्यापूर्वी अब्दुलला तिचे अंत्यदर्शन घेऊ दिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत नव्या राजाच्या आज्ञेने राणीची त्याला आलेली पत्रे त्याच्या घरातून काढून जाळण्यात आली, आणि त्याला हिंदुस्थानात परत पाठविण्यात आले. कोणा एकाच्या कृपेवर उभा राहिलेला मान त्या एकाच्या श्वासाबरोबर संपतो. राजाश्रयाचा हा नियम सर्व देशांत सारखाच. अब्दुल आग्र्यास १९०९ साली वारला. तेव्हा तो अवघा शेहेचाळीस वर्षांचा होता.

राणीच्या मृत्यूनंतर तिच्या लेखनाची बरीच झाडाझडती झाली. तिची इंग्रजी रोजनिशी धाकटी कन्या बीट्रिस हिने निवडून उतरवून काढली आणि बहुतेक मूळ वह्या नष्ट केल्या. मुन्शीच्या हाताखाली लिहिलेल्या त्या तेरा उर्दू वह्या मात्र विंडसरच्या दप्तरखान्यात राहिल्या. शंभराहून अधिक वर्षांनी श्राबणी बसू या लेखिकेने त्या धुंडाळल्या, आणि २०१० साली ग्रंथ लिहिला. त्यावरच हा चित्रपट बेतला आहे. पुढे अब्दुलची स्वतःची रोजनिशीही त्याच्या आप्तांपाशी कराचीत सापडली. फाळणीच्या वेळी त्या कुटुंबाने ती जपून बरोबर नेली होती.

दरबाराला या संबंधात हुजरेगिरी दिसली, वर्तमानपत्रांना कुजबूज दिसली, आणि चित्रपटाने त्यात एक गोड करमणूक पाहिली. वह्या निराळे सांगतात. त्यांत एक शिक्षक आहे आणि एक वृद्ध विद्यार्थिनी आहे, आणि विद्यार्थिनीने तेरा वर्षांत अभ्यास टाकलेला नाही. चित्रपट अवश्य पाहावा; पण पाहून झाल्यावर अब्दुल करीमला राणीचा नोकर न म्हणता राणीचा मास्तर म्हणावे. तेवढे देणे त्याचे आपल्याकडे राहिलेले आहे.