काशीच्या मराठी घरांतील अभ्यास



मुलांच्या घरच्या अभ्यासाचा विषय निघाला की बोलणे लवकरच स्वतंत्र खोली, टेबल, शिकवणी आणि मोबाइल यांवर येते. यांपैकी काहीही हाताशी नसताना पिढ्यान्‌पिढ्या विद्या सांभाळणारी घरे वाराणसीत होती, आणि त्यांतील कित्येक मराठी होती.

पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात काशीस येऊन स्थायिक झाले. १५१३ साली जन्मलेले त्यांचे पुत्र नारायणभट्ट वडिलांपाशीच शास्त्रे शिकले आणि पुढे ‘त्रिस्थलीसेतु’चे कर्ते झाले. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ सालचा. कमलाकरांचे बंधू दिनकरभट्ट, आणि दिनकरांचे चिरंजीव विश्वेश्वर म्हणजेच १६७४ साली शिवराज्याभिषेक करणारे गागाभट्ट. एका घराण्यात इतकी विद्या पाहून लोक ती रक्तातून आली असे म्हणतात. परंतु रक्ताने ग्रंथ पाठ होत नाहीत. त्या घरांत रोजचा एक परिपाठ होता, तो अधिक पाहण्याजोगा आहे.

वेदाध्ययनात त्याला संथा म्हणतात. गुरूने एकदा म्हणायचे, शिष्याने दोनदा म्हणायचे. पुढ्यात पोथी नाही. शिकवणारा समोर आणि कान उघडे. ऋग्वेदाची १०२८ सूक्ते अशीच थोडी थोडी मुखोद्गत होत. संहितेनंतर पदपाठ, मग क्रम, जटा, घन. यांतील क्रमपाठ पालकांनी समजून घ्यावा असा आहे. पहिले पद दुसऱ्यासह, दुसरे तिसऱ्यासह, तिसरे चौथ्यासह असे म्हणत जायचे. प्रत्येक नवे पद मागच्याचा हात धरून येते. मागचे सोडून पुढे पाऊल टाकण्याची सोयच त्यात नाही. आपल्याकडे मात्र सोमवारचा धडा मंगळवारी मिटतो, तो थेट परीक्षेच्या आदल्या रात्री उघडतो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले की एका बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी कमी श्रमांत टिकते. काशीतल्या वैदिकाला हे ऐकून फारसे नवल वाटले नसते.

सुटीचाही नियम होता. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या हे अनध्याय. त्या दिवशी नवी संथा नाही. सुटी पंचांगात आधीच ठरलेली असल्याने ‘आज बसायचे की नाही’ हा वाद घरात रोज उभा राहत नसे. पुष्कळ घरांत आज अभ्यासापेक्षा या वादातच संध्याकाळ जाते.

या परंपरेचा गौरव करताना एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. हे शिक्षण ठरावीक घरांतील मुलग्यांपुरते होते. मुली आणि बहुसंख्य समाज दाराबाहेर उभा होता. शाळा उघडाव्या लागल्या त्या त्याचमुळे. शिवाय नुसते पाठांतर म्हणजे समज नव्हे. म्हणून काशीच्या घरांकडून घ्यायचे ते ठरलेली वेळ, शेजारी बसलेले वडीलधारे आणि पुस्तक मिटून म्हणून दाखवणे एवढेच.

आणि ते मुलींनाही तितकेच लागू पडते, हे अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या घराने दाखवून दिले. लोकांचा रोष पत्करून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. लक्ष्मीबाईंनी ते आपल्या मुलीला दिले. दिवसभर घरकामाचा रगाडा. म्हणून पहाटे, पाखरे किलबिलू लागताना, झोपेने जडावलेल्या मुलीला गोंजारून उठवायचे आणि पाठ म्हणून घ्यायचा. पुस्तक नव्हते, आईचे ओठ हेच पुस्तक. तीच मुलगी १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांसमोर उभी राहिली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांची मानकरी ठरली. पंडिता रमाबाईंच्या आईला मोकळा वेळ नव्हता. तिने एक ठरावीक वेळ राखून ठेवली होती.

आजचे आईबाप कामावरून थकून येतात, हे खरेच. पण रोज पंधरा मिनिटे, त्याच वेळी, त्याच सतरंजीवर, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून मुलाशेजारी बसणे बहुतेकांना जमण्याजोगे आहे. शिकवायचे नाही. पुस्तक मिटायला लावून आधी कालचे आणि मग आजचे विचारायचे. मुलाचे अडले तर उत्तर सांगण्याची घाई न करता पान उघडून त्यालाच शोधू द्यायचे. पहिले काही दिवस ते कुरकुरेल. त्याकडे फार लक्ष देऊ नये.

मराठी शाळेतल्या मुलाला इथे एक सोय आहे, तिचे मोल पालकांच्या सहसा ध्यानी येत नाही. तो धडा ज्या भाषेत शिकतो ती घरातल्या सगळ्यांना कळते. भाजी निवडत बसलेल्या आजीला तो जलचक्र सांगू शकतो, आणि शाळेची पायरी न चढलेली आजीही त्याला मध्येच थांबवून म्हणू शकते, ‘काल तर तू हे वेगळंच सांगितलं होतंस रे!’