दिवा मोडीत घालण्याआधी

आषाढातली अमावास्या, म्हणजे आपली दिव्याची अवस, जवळ आली आहे. त्या दिवशी घरातले सगळे दिवे बाहेर निघतात, घासूनपुसून पाटावर मांडले जातात, कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य होतो. मग समई, निरांजन देवघरात राहतात आणि जुने मोठे दिवे पुन्हा माळ्यावर जातात. आज आम्ही त्या माळ्यावरच्या दिव्यांबद्दल बोलणार आहोत.

गटांच्या बैठकांत एक गोष्ट आम्ही नेहमी ऐकतो. पेरणीच्या दिवसांत हात आखडला की पहिली नजर जाते जुन्या पितळेवर. मोडवाल्याच्या तराजूत लामणदिवा आणि फुटका तांब्या एकाच भावानं जातात. घडवणाऱ्या हाताची किंमत त्यात धरलेली नसते. शिवाय यातल्या कितीतरी समया बायकांनी माहेराहून आणलेल्या असतात. लग्नात बाईला दिलेली वस्तू कायद्यानंही तिचं स्त्रीधन असते. ती विकायची की नाही, हे तिनंच ठरवायचं. अडचण असेल तर आधी गटाकडे अंतर्गत कर्ज मागा. विकायचाच झाला तर दिवा आधी गावातल्या दुकानात तोलून घ्या आणि दोन-तीन ठिकाणी भाव विचारा.

१०० वर्षांहून जुन्या कलावस्तूंसाठी १९७२ चा केंद्राचा कायदा आहे. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. त्यामुळे कोणी परका माणूस दारात येऊन घाई करू लागला, तर सावध राहा.

पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालय जरूर बघा. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून घराघरांतल्या रोजच्या वस्तू जमवल्या. त्यात तऱ्हेतऱ्हेचे दिवे आहेत. आपण ज्याला अडगळ म्हणतो, ते तिथं लोक तिकीट काढून बघतात.

मग हे दिवे आपल्याच घरात का दिसू नयेत? लामणदिवा ओटीवर किंवा सोप्यात टांगा. तो वजनाला भारी असतो, म्हणून आकडा तुळईत किंवा भक्कम वाशात बसवा, पत्र्याला नको. साखळीची कडी झिजली असेल तर आधी तांबटाकडून नीट करून घ्या. जुन्या घराला देवळी असेल तर समईला त्याहून चांगली जागा नाही. कंदील दाराजवळच्या खुंटीला शोभतो. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील एके काळी घरोघरी असे. तुमच्याकडे असेल तर जपा.

कंदिलात रॉकेल घालायची गरज नाही. आत बॅटरीवरचा छोटा दिवा ठेवला तरी उजेड छान पडतो. विजेचा बल्ब लावायचा असेल तर वायरमनलाच बोलवा. पितळेतून आणि पत्र्यातून वीज वाहते, म्हणून अर्थिंग हवंच. बल्ब कमी वॅटचा एलईडी घ्या, तो फार तापत नाही. जुन्या दिव्याला भोक मात्र पाडू नका, आणि ऑइलपेंटही फासू नका. तेलवात लावणार असाल तर पडदा, गवताचं छप्पर आणि लहान मुलं यांच्यापासून दिवा लांब ठेवा.

घासायची रीत सोपी आहे. तेलाचा राप बसला असेल तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून दिवा थोडा वेळ ठेवा. मग चिंच-मीठ लावून मऊ फडक्यानं चोळा. तारेची घासणी वापरू नका, नक्षी झिजते. शेवटी स्वच्छ पाण्यानं धुऊन लगेच कोरडा करा. ओल आणि आंबट राहिलं की हिरवे डाग पडतात.

आता एक काम सांगतो. अवसेच्या आसपास गटाची बैठक असेल, तेव्हा प्रत्येकीनं घरातला एक जुना दिवा घेऊन या. तो कुठून आला, कोणाच्या माहेरचा, कोण लावत असे, हे वहीत लिहून ठेवा. मोबाइलवर फोटोही काढा. घरातल्या म्हाताऱ्या बायांना आवर्जून विचारा, कारण ही माहिती बहुधा त्यांच्याजवळच असते. नोंद झालेला दिवा सहजासहजी मोडीत जाणार नाही.