लाल पासपोर्ट आणि गावी यायची परवानगी

(१९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिलाय. ग्रुपवर गेलं वर्षभर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय, "तुझ्याकडे आता जर्मन पासपोर्ट आहे, म्हणजे जगात कुठंही जाता येत असेल ना?" आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं बाहेर शिकतायत किंवा जायच्या तयारीत आहेत. उद्या हा प्रश्न त्यांच्याही घरात येईल. म्हणून ठरवलं, की आठवणी जेवताना काढू, इथं मात्र या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं.

नागरिकशास्त्र आपण परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचो. बाई समोरच बसल्यात, त्यांना ते तेव्हाही माहीत होतं. त्यामुळे पहिली गोष्ट त्यांच्यासाठी. पासपोर्ट आपला देश देतो, तो सांगतो की ही व्यक्ती आमची आहे. व्हिसा समोरचा देश देतो, तो सांगतो की हिला आत यायची परवानगी आहे. एखादा पासपोर्ट ताकदवान आहे असं आपण म्हणतो, तेव्हा बाकीच्या देशांनी त्याच्याकडून आगाऊ व्हिसा मागायचा नाही असं ठरवलेलं असतं, एवढाच त्याचा अर्थ. ठरवणारे ते आहेत. उद्या त्यांनी वेगळं ठरवलं, तर पासपोर्ट तोच राहतो आणि दार बंद होतं.

आधी युरोपच्या आतलं बघू. युरोपीय संघात २७ देश आहेत. त्यातल्या कुठल्याही देशाचा नागरिक बाकीच्या २६ देशांत तीन महिन्यांपर्यंत नुसत्या पासपोर्टवर किंवा ओळखपत्रावर राहू शकतो. त्यापुढे राहायचं तर नोकरी, शिक्षण किंवा स्वतःच्या खर्चापुरते पैसे आणि आरोग्य विमा असावा लागतो. २००४ सालच्या संघाच्या कायद्यात हे लिहिलेलं आहे. वर्क परमिट नाही, कोटा नाही. माझ्या मते या पासपोर्टची खरी किंमत इथं आहे, बाकी सहलीपुरतं.

आता शेंगेन. हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं छोटं गाव. १४ जून १९८५ला पाच देशांनी तिथं करार केला, की आपापसातल्या सीमांवरची तपासणी बंद करायची. आज त्यात २९ देश आहेत. पण शेंगेन आणि युरोपीय संघ एक नव्हे. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे संघात नाहीत, तरी शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. म्हणून मुलांना शेंगेन व्हिसा मिळाला की "चला, डब्लिनलाही जाऊन येऊ" असं म्हणता येत नाही. त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो.

आता युरोपच्या बाहेर. इथं 'व्हिसा लागत नाही' आणि 'काहीच लागत नाही' यांत फरक आहे. जर्मन पासपोर्टवर अमेरिकेला जायला व्हिसा नको, पण 'एस्टा' नावाची ऑनलाइन परवानगी लागते आणि एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवस मिळतात. कॅनडाला विमानानं जायचं तर त्यांची 'ईटीए' लागते. ब्रिटननं २ एप्रिल २०२५पासून युरोपीय लोकांनाही अशीच परवानगी सक्तीची केली, अगदी तान्ह्या बाळालासुद्धा. आणि एस्टा प्रत्येकाला मिळतोच असं नाही. १ मार्च २०११नंतर इराण, इराक किंवा सीरियात, किंवा १२ जानेवारी २०२१नंतर क्युबात जाऊन आलेल्याला तो सहसा मिळत नाही. मग पासपोर्ट कितीही लाल असो, वकिलातीत जाऊन रीतसर व्हिसाच काढावा लागतो.

आपल्यातल्या आयटीवाल्यांसाठी एक गोष्ट ठळक अक्षरांत. या सगळ्या सवलती फिरायला, नातेवाइकांना भेटायला आणि मीटिंगला जाण्यासाठी आहेत. क्लायंटच्या ऑफिसात महिनाभर बसून कोड लिहिणं म्हणजे काम, आणि कामाला कामाचाच व्हिसा लागतो. "दोनच आठवडे तर आहेत, टुरिस्ट म्हणूनच जा," असं मॅनेजर म्हणाला तरी ऐकू नका. विमानतळावर प्रश्न मॅनेजरला विचारत नाहीत, तुम्हाला विचारतात.

नियम बदलला की काय होतं, याचं उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यात आहे. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेले अनेक लोक आणि त्यांची मुलं-नातवंडं पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेत आली आहेत. त्यातले पुष्कळजण पोर्तुगालला न राहता थेट इंग्लंडला गेले, कारण संघाचा नागरिक तिथं विनापरवाना नोकरी करू शकत होता. ब्रेक्झिटनंतर ३१ डिसेंबर २०२०ला ती मुभा संपली. आधीपासून तिथं राहणाऱ्यांचा हक्क टिकला, पण १ जानेवारी २०२१नंतर नव्यानं जाणाऱ्याला तोच पासपोर्ट दाखवून नोकरी करता येईना.

आता माझ्या घरातलं. मी २०२४च्या शेवटी जर्मन नागरिक झाले. मुलं जन्मानंच जर्मन आहेत. नवरा भारतीय पासपोर्टवर आहे आणि तसाच राहणार आहे. हे आम्ही दोघांनी बसून ठरवलं. जर्मनीत वीस वर्षं कर भरतोय, मुलांचं सगळं तिथंच आहे, तेव्हा तिथल्या निवडणुकीत घरातल्या एका मोठ्या माणसाचं मत असावं असं मला वाटत होतं. त्याला वाटत होतं, की घरातल्या एकाचं मत इथं राहावं. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस यादीत नाव असेल तर इथं येऊन मत देऊ शकतो. आम्हाला दोघांचंही पटलं.

याची किंमत प्रवासात मोजावी लागते. मागच्या सुट्टीत लंडनला जायचं ठरलं. माझी आणि मुलांची परवानगी स्वयंपाकघरात बसून मोबाइलवर झाली. नवऱ्यानं त्याच सहलीसाठी बँकेची स्टेटमेंट, पगाराच्या पावत्या आणि नोकरीचं पत्र गोळा केलं, बोटांचे ठसे द्यायला गेला आणि पासपोर्ट परत यायची वाट बघत बसला. धाकटीनं विचारलं, "बाबांनी काय केलंय?" काहीच केलेलं नाही, फक्त त्यांचा पासपोर्ट निळा आहे, हे आठ वर्षांच्या मुलीला समजावणं अवघड गेलं.

आता ग्रुपवरचा दुसरा प्रश्न. "जर्मनीनं दुहेरी नागरिकत्व मान्य केलं ना, मग दोन्ही ठेवायचे!" जर्मनीनं ते मान्य केलं हे खरं. २७ जून २०२४पासून तिथं जुनं नागरिकत्व सोडायची अट नाही, आणि आठऐवजी पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो. पण भारताचा कायदा वेगळा आहे. राज्यघटनेचं नववं कलम आणि १९५५चा नागरिकत्व कायदा यांनुसार स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. त्यासाठी अर्जही करावा लागत नाही. जुना पासपोर्ट वकिलातीत जमा करायचा, तो रद्दचा शिक्का मारून परत मिळतो आणि सोबत तसं प्रमाणपत्र मिळतं. तो लपवून वापरत राहणं हा गुन्हा आहे.

त्यानंतर 'ओसीआय' कार्डाचा अर्ज करता येतो. ही योजना २००५ची. नाव 'ओव्हरसीज सिटिझन' असलं तरी ते नागरिकत्व नव्हे, तो आयुष्यभराचा व्हिसा आहे. कितीही वेळा या, कितीही दिवस राहा. पण मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. शेतजमीन बक्षीसपत्रानंही घेता येत नाही, फक्त वारसाहक्कानं येऊ शकते. माझ्या वडिलांच्या मनात मळ्यातला एक तुकडा हयातीतच माझ्या नावावर करायचा होता. मी त्यांना नियम सांगितला. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे आम्ही गेल्यावरच तुझं होणार." त्यावर मला काही बोलता आलं नाही.

आणि एक मधला काळ असतो, त्याबद्दल कुणी सांगत नाही. नागरिकत्वाचा कागद हातात पडला त्याच क्षणी मी भारतीय राहिले नव्हते. जर्मन पासपोर्ट यायला काही आठवडे गेले. मग जुना जमा करणं, मग ओसीआयचा अर्ज, पुन्हा काही आठवडे. नेमकी त्याच दिवसांत आई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. कार्ड हातात नव्हतं. रात्री बसून ई-व्हिसाचा अर्ज भरला. त्यात एक प्रश्न आहे, "तुम्ही यापूर्वी कधी भारतात आला होतात का?" पुढं भेटीचा उद्देश विचारतात. मी 'मित्र-नातेवाइकांची भेट' निवडलं. तीन दिवसांनी परवानगी आली. मुंबईला उतरल्यावर परदेशी प्रवाशांच्या रांगेत उभी राहिले. मी पोचले तोवर आईचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. आई आता काठी घेऊन चालते आणि आज ती इथं मागच्या रांगेत बसली आहे, म्हणून हे हसत सांगू शकते.

माझा निर्णय चुकला असं मला वाटत नाही. २३ फेब्रुवारी २०२५ला जर्मनीच्या संसदेसाठी पहिल्यांदा मत दिलं, तेव्हा बरं वाटलं. पण तो निर्णय नुसता प्रवास सोपा व्हावा म्हणून घेण्यासारखा नाही, एवढंच मुलांना सांगा.

आता जाता जाता तीन-चार कामाच्या गोष्टी. घरात आईवडील आजारी असतील, तर नागरिकत्वाचा कागद घेण्याची तारीख विचार करून ठरवा. कुठंही निघण्याआधी पासपोर्टची मुदत बघा, कित्येक देशांना ती सहा महिने शिल्लक लागते. परवानगीचा नियम त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच वाचा, कारण हे नियम वर्षात दोनदाही बदलतात. विमान मध्ये कुठं थांबतं तेही बघा, काही ठिकाणी विमानतळाबाहेर न पडताही व्हिसा लागतो. आणि नाव. पासपोर्टच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ खुणांच्या. पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, मुदत यांतला एकेक आकडा ओळीनं ७, ३, १ने गुणून बेरीज करतात आणि दहानं भागून उरलेली बाकी शेवटी लिहितात. एक आकडा चुकला तर यंत्राला लगेच कळतं. गणिताच्या सरांनी शिकवलेलं बाकी काढणं असं जगभर वापरात आहे. पण नावाला असा ताळा नसतो. माहेरचं, सासरचं, वडिलांचं नाव मधे की शेवटी, ते तिकिटावर आणि अर्जात पासपोर्टप्रमाणेच लिहा.

शेवटचं मुख्याध्यापकांना उद्देशून. माझ्या जन्मनोंदीत नावच नव्हतं, नुसतं 'मुलगी' असं लिहिलेलं होतं. पहिला पासपोर्ट काढताना जन्मतारखेचा पुरावा म्हणून मी जोडला तो याच शाळेचा, शाळा सोडल्याचा दाखला. आमच्या पिढीला तो चालत होता. १ ऑक्टोबर २०२३ आणि त्यानंतर जन्मलेल्यांना आता जन्मदाखलाच लागतो. तेव्हा नवीन प्रवेश देताना पालकांना एवढं जरूर सांगा, की नोंदीत मुलीचं नाव घालून घ्या. पुढं ती कुठं जाईल आणि कुठली होईल हे ती ठरवेल, निघताना कागद मात्र तिच्या नावाचा असू दे.