पाळीवर आधी विचारा
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधी एक कबुली देतो. बी विंगच्या जिन्याखाली ज्या दोन लांब हिरव्या पिशव्या वर्षानुवर्षं पडून आहेत, त्या माझ्या. सामाईक जागेत खासगी सामान ठेवू नये, अशी नोटीस कमिटीने मला दोनदा दिली आणि दोन्ही वेळा मी 'पुढच्या महिन्यात काढतो' असं लिहून दिलं. मुलं विचारतात, "आजोबा, त्यात तंबू आहे का?" आज सांगून टाकतो. त्यात होडी आहे. दोन माणसं बसतील एवढी, पूर्ण होडी.

आपल्या सोसायटीची नोंदणी झाली, त्या सुमारास मी गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याला नोकरीला होतो. काम लघुसिंचनाचं, म्हणजे जुन्या तलावांची पाहणी. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत, साडेसहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, बोलीभाषेत 'मामा तलाव'. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन, असं गोंड राजांचं धोरण होतं असं सांगतात. कोहळी समाजाच्या लोकांनी उतार पाहून मातीच्या पाळी घातल्या, पाणी सोडायला तुडूम बसवलं आणि धानाची शेती उभी केली. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. पुढे शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे आले. मालक बदलला आणि दरवर्षी गाळ काढायची, पाळ नीट करायची रीत मोडली. तलाव उथळ होत गेले.

किती उथळ झाले, हे काठावरून कसं कळणार? मधे जायला हवं. ऑफिसकडे होडी नव्हती. मुंबईचा माझा मावसभाऊ जहाजावर नोकरीला, त्याने परदेशातून जुनी घडीची होडी आणली होती, ती मला दिली. ही कल्पना जर्मनीची. म्युनिकमध्ये शिकणाऱ्या आल्फ्रेड हॉयरिश नावाच्या तरुणाने 1905 साली अशी होडी केली, आणि दोन वर्षांनी रोझेनहाइमच्या योहान क्लेपर नावाच्या शिंप्याने तिचे हक्क घेऊन ती विकायला काढली. शिंप्याने, हे लक्षात घ्या! कारण ही होडी खरं तर शिवलेलीच असते. आत लाकडी फासळ्या आणि दांड्यांचा सांगाडा, वरून कॅनव्हास आणि खालून रबरी कापडाचं कातडं. दोन्ही कडांना हवेच्या नळ्या. त्या फुगवल्या की कातडं ढोलासारखं ताणतं. लोक पिशव्या घेऊन रेल्वेने जायचे, नदीकाठी होडी जोडायचे. हान्नेस लिंडेमान नावाच्या जर्मन डॉक्टरने 1956 साली अशाच सव्वापाच मीटरच्या होडीतून एकट्याने 72 दिवसांत अटलांटिक महासागर ओलांडला.

मी गडचिरोली-धानोरा एसटी ओलांडायचो. पिशव्या टपावर टाकायला कंडक्टर तयार नसायचे. एकदा एका नाक्यावर पोलिसांनी पिशवी उघडायला लावली. तो काळ त्या भागात कठीण होता आणि पिशवीत निघाल्या लांब दांड्या. मी रस्त्याच्या कडेलाच अर्धा तास बसून होडी जोडून दाखवली. बघायला गाव जमलं. शेवटी हवालदार आत बसून म्हणाला, "सायब, पाणी कुठं हाये?"

मोजणी साधी होती. पाळीपासून समोरच्या काठापर्यंत दोर ताणायचा, त्याला दर पाच मीटरवर गाठ. प्रत्येक गाठीपाशी होडी थांबवून खुणा केलेला बांबू खाली सोडायचा. बांबू पहिल्यांदा टेकतो तो गाळाला. मग जोर देऊन दाबायचा, तो कडक जमिनीला लागतो. दोन आकड्यांतला फरक म्हणजे गाळ. ही होडी वीतभर पाण्यातही चालते, त्यामुळे कमळाच्या पानांवरून, गवतावरून मी जिथे तिथे जात होतो. तलावाच्या मधून पाळ पाहिली की ती बांधणाऱ्यांचा हिशोब डोळ्यांसमोर येतो. मला वाटायचं, हा तलाव असा पाहणारा मीच पहिला.

मुरुमगावच्या रस्त्याला, आत जंगलात एक तलाव होता. डिसेंबरचा रविवार. नाताळच्या सुट्टीत अकरा वर्षांचा माझा मुलगा आला होता, त्याला बरोबर घेतलं. लाइफ जॅकेटं होती, पण ती क्वार्टरवर ठेवली. तलाव तो केवढा, त्याला जॅकेट कशाला!

आम्ही होडी जोडत असताना पाळीवर एक म्हातारे ढिवर बाबाजी जाळं दुरुस्त करत बसले होते. बाजूला त्यांचा डोंगा, एकाच खोडाचा कोरलेला. त्यांनी होडीकडे पाहिलं, कातडं बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "सायब, जंगलाच्या आंगानं नोका जाऊ. तिकडं खुटं हायेत." मी मान हलवली. ऐकलं असं नाही म्हणणार, मान हलवली.

अकराच्या सुमारास वारा सुटला. मुलाला जंगलाच्या बाजूची बदकं जवळून पाहायची होती. मी होडी वळवली. पाण्याखाली बुडालेल्या एका झाडाचा खुंट होता. 'टर्र' असा आवाज झाला, बस्स. माझ्या पायाशी हातभर कातडं फाटलं आणि पाणी आत येऊ लागलं. कडेच्या हवेच्या नळ्यांमुळे होडी बुडणार नव्हती, हे मला माहीत होतं. मुलाला माहीत नव्हतं, कारण मी त्याला सांगितलंच नव्हतं. तो घाबरून उभा राहिला आणि पाण्यात पडला.

त्याला पोहता येत होतं. पण कमळाच्या देठांत पाय अडकले. मी हात लांबवला, तो पुरेना. मीही उडी मारायच्या बेतात होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "सायब, तुमी बसून राहा! पोरा, पाय नोको झाडू!" बाबाजींनी आम्ही वळलो तेव्हाच डोंगा पाण्यात लोटला होता. त्यांनी बांबू आडवा धरला, मुलाने तो कवटाळला. मग त्यांनी हात घालून एकेक देठ सोडवलं, घाई न करता, जाळ्यातला मासा सोडवावा तसं. ती दोन-तीन मिनिटं असतील. माझ्यासाठी ती अजून संपलेली नाहीत. तो मुलगा आज तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि त्याची मुलगी पुढे सतरंजीवर आहे.

पाळीवर शेकोटी पेटवली. बाबाजींच्या घरून त्यांच्या कारभारणीने भात आणि माशाचा रस्सा आणला. मला वाटलं होतं बोलणी खावी लागतील. त्या माउलीने फक्त मुलाचं डोकं पुसलं आणि मला विचारलं, "सायब, तुमी मोजता काय?"

मी कागद दाखवला. बाबाजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी काडी घेतली आणि मातीवर तलाव काढला. इथे पुरुषभर पाणी, इथे गुडघाभर, इथे खुंट, इथे उन्हाळ्यातही न आटणारा डोह. मी माझे आकडे ताडून पाहिले. जिथे मी बांबू टाकला होता तिथे ते जुळले. जिथे मी गेलोच नव्हतो, तिथलंही त्यांनी सांगितलं.

मी म्हणालो, "गाळ या डोहाच्या बाजूलाच जास्त आहे, इथूनच काढायला हवा." बाई म्हणाल्या, "मंग मरळ उन्हाळ्यात राहील कुठं?" तेव्हा मला गणित समजलं. तलाव त्यांच्या मच्छीमार सहकारी संस्थेने ठेक्याने घेतलेला. रोहू, कतला यांचं बीज दरवर्षी विकत आणून सोडावं लागतं, कारण हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. मरळ, शिंगी, मांगूर हे गावठी मासे तलावातच वाढतात, त्यांना बीज विकत लागत नाही. पण त्यांना उन्हाळा काढायला डोह हवा आणि अंडी घालायला काठचं गवत हवं. यंत्राने तलाव परातीसारखा सपाट खोदला, तर पाणी जास्त साठेल आणि संस्थेचं घरचं उत्पन्न जाईल. काढायचीच असेल, तर काठाने माजलेली बेशरम काढा, म्हणाल्या.

मी अहवाल बदलला. डोह आणि पलीकडचा गवताचा काठ सोडून गाळ काढावा, असं लिहिलं. पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी गेलो, तेव्हा गाळ निघाला होता आणि डोह शाबूत होता. माझ्या अहवालामुळे, की संस्थेची माणसं यंत्रासमोर उभी राहिली म्हणून? गावात विचारलं तर दुसरं उत्तर मिळालं, आणि ते खरं असावं.

मित्रहो, त्यांची संस्था आणि आपली सोसायटी एकाच कायद्याखाली नोंदलेल्या आहेत, 1960 चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम. त्यांनाही वार्षिक सभा, त्यांनाही ऑडिट. धानोऱ्यापासून तीन किलोमीटरवर मेंढा (लेखा) हे गाव आहे. 2009 साली त्यांना सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचंही म्हणणं राहिलं, तर पुन्हा बसतात. आपल्या पार्किंगच्या विषयाला हे लावलं, तर सभा दिवाळीपर्यंत चालेल, हे मान्य! पण पंचवीस वर्षांत आपणही किती वेळा नुसती मान हलवली असेल? टाकीच्या गळतीबद्दल आपल्या वॉचमनने दोन पावसाळे सांगितलं होतं. आपण स्लॅब ओला झाल्यावर ऐकलं.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी तीन गोष्टी. पाण्यात जाताना जॅकेट घालायचं, तलाव केवढाही असो. होडी भरली तरी उभं राहायचं नाही, धरून बसायचं. आणि पाण्यात उतरण्याआधी पाळीवर जो बसला असेल त्याला विचारायचं, आणि तो सांगेल ते ऐकायचं.

होडीचं कातडं मी तेव्हाच सायकलच्या दुकानातून ठिगळ लावून आणलं. ठिगळ अजून घट्ट आहे. येत्या रविवारी सकाळी गच्चीवर ती जोडून दाखवीन, सगळ्यांनी यावं. त्यानंतर पिशव्या जिन्याखालून काढतो. या वेळी खरंच काढतो, सेक्रेटरीसाहेब, सभेपुढे सांगतोय.