बायकांचे बोलणे आधी ऐका

‘बायका फार बोलतात’ हे विधान आपल्याकडे इतके मुरले आहे की त्याला पुरावा मागणारीच भांडखोर ठरते. या व्यासपीठावरून आज तो पुरावा मागायचाच आहे.

ओटो येस्पर्सन हा डेन्मार्कचा नामांकित भाषाशास्त्रज्ञ. त्याच्या १९२२ च्या ग्रंथात ‘स्त्री’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. ‘पुरुष’ नावाचे नाही. बायकांचा शब्दसाठा तोकडा, विचार पुरा होण्याआधीच त्या बोलू लागतात म्हणून वाक्ये अर्धवट सुटतात, असे त्याने ठोकून दिले आणि दाखल्यांसाठी कादंबऱ्यांचाही आधार घेतला. लेखकांनी बायकांच्या तोंडी घातलेली वाक्ये बायकांविरुद्धच पुरावा म्हणून वापरणे, हा सरळसरळ अन्याय होता.

१९७५ मध्ये अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफ यांचे बायकांच्या भाषेवरचे पुस्तक आले. मुलींना लहानपणापासून कचरत, ‘हो ना?’ असे विचारत बोलायला शिकवले जाते, ही त्यांची तक्रार रास्त होती. पण आधार होता स्वतःच्या निरीक्षणाचा आणि ओळखीच्या माणसांच्या बोलण्याचा. तसे त्यांनी स्वतःच नोंदवले होते.

मग विल्यम ओबार आणि बोमन अ‍ॅटकिन्स हे संशोधक अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात कोर्टात जाऊन बसले. साक्षी ध्वनिमुद्रित केल्या, तपासल्या. १९८० मध्ये त्यांनी जे मांडले त्याने वादाची दिशाच बदलली. शवचिकित्सा करणारी, तज्ज्ञ म्हणून साक्ष देणारी बाई ठामपणे बोलत होती, तर पत आणि कोर्टाचा अनुभव नसलेले पुरुष अडखळत, ‘बहुतेक’, ‘तसं काहीसं’ म्हणत होते. ज्याला बाईची भाषा म्हटले जात होते, ती दुबळ्या जागी उभ्या केलेल्या माणसाची भाषा होती.

आणि फार बोलण्याचे काय? मानसशास्त्रज्ञ मथायस मेल आणि सहकाऱ्यांनी ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर रेकॉर्डर लावून अधूनमधून त्यांचे बोलणे टिपले. २००७ साली आकडे आले: दिवसाला बायकांचे सरासरी १६,२१५ शब्द, पुरुषांचे १५,६६९. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकत नाही. जे म्हणीसारखे फेकले जाते, ते मोजल्यावर उरत नाही.

मराठीत मात्र अजून ऐकीव गप्पांवरच भागते. कोल्हापूरकडच्या मुली बिनदिक्कत ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. पुस्तकी व्याकरण त्याला चूक ठरवून मोकळे होते. सभेतल्या बोलण्याचेही तेच. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये महिलांना निम्म्या जागा २०११ पासून राखीव आहेत. सरपंचबाई बोलायला उठल्यावर त्यांचे वाक्य मधेच कोण तोडतो, आणि उत्तर त्या देतात की त्यांचा नवरा, हा भाषेच्या अभ्यासाचा प्रश्न नाही असे कोण म्हणेल?

विद्यापीठांतल्या मराठी विभागांना या सभेचे सांगणे आहे: संमती घ्या, रेकॉर्डर घ्या आणि ग्रामसभेत जाऊन बसा. कोण किती वेळ बोलले, कोणाला कोणी अडवले, याची नोंद करा आणि ती मराठीतच छापा.